वाढत्या अंगाचा फिल्टर

मित्रांनो, दिसायला मी धिप्पाड असलो तरी स्वभावाने पक्का भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना फिल्टर आहे, माशांच्या टाकीच्या मागच्या काचेवर लटकणारा. माझी नळी पाण्यात बुडालेली असते. पोटातलं पातं फिरलं की नळीतून पाणी वर येतं, स्पंजमधून गाळलं जातं आणि पुन्हा टाकीत पडतं. काम साधंच. पण मला माझं तोंड मिटता येत नाही. समोर येईल ते आत.

कारखान्यात मला मोठ्या टाकीसाठी घडवलं होतं. तशा टाकीत मी सुखाने राहिलो असतो. पण एके दिवशी दुकानात शाळकरी ताई आणि तिचे बाबा आले. ताईची टाकी एवढीशी, अभ्यासाच्या टेबलावर वह्या सरकवून बसवलेली. दुकानदाराने तिच्यासाठी छोटा फिल्टर काढलाही होता. पण हे घर सगळं एक माप मोठं घेणारं. ताईच्या स्वेटरच्या बाह्या दुमडलेल्या आणि बुटांत कापूस कोंबलेला.

"तो मोठा दाखवा," बाबा म्हणाले. "वाढत्या अंगाचा घेतलेला बरा."

"अहो काका, मुलं वाढतात. टाकी कशी वाढेल?" दुकानदार म्हणाला. "लहान माशांना याचा जोर सोसायचा नाही."

"तेवढाच व्यायाम होईल त्यांना."

सगळे हसले. आणि मला खोक्यात भरलं.

मला पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा बिचारे गप्पी मासे पाल्यासारखे वाहत जाऊन कोपऱ्यात अडकले. ताईने माझा जोर थोडा कमी केला, तेव्हा कुठे ते पोहू लागले. पाणी मात्र मी आरशासारखं ठेवलं. ताईच्या आईने माझं कौतुक केलं, आणि त्या कौतुकातूनच दर रविवारची अंघोळ सुरू झाली. आईला डाग म्हणून खपत नाही. ती माझा स्पंज नळाखाली धरून खसाखसा पिळायची आणि पोटात धो धो पाणी सोडायची. दोन दिवसांत टाकीतलं पाणी पुन्हा गढूळ व्हायचं. मग ती आणखी जोरात धुवायची.

मग एका गप्पीला पिल्लं झाली. तिळाएवढी, नुसते डोळे आणि शेपटी. ताई शाळेतून येईपर्यंत एकही उरलं नाही.

"मोठ्यांनीच खाल्ली असतील," बाबा म्हणाले. "माशांची जातच तशी."

खरं काय ते मला ठाऊक होतं. तोंड माझं होतं, पण ते बोलायला दिलेलं नव्हतं.

महिन्याभराने पुन्हा पिल्लं झाली. माझे धाबे दणाणले. थांब म्हणून पातं थांबत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एक पिल्लू ओढलं गेलं. नळीतून वर आलं, पात्याच्या फटीतून निसटलं आणि स्पंजमागच्या कोपऱ्यात जाऊन पडलं. मी म्हटलं, संपलं.

पण ते हललं. माझ्या पोटात ते पिल्लू जिवंत होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता. कोणाला सांगू? कसं सांगू? रात्रभर ते माझ्या पोटात इकडून तिकडे फिरत होतं.

सकाळी आईने मला उचललं. मोरीपाशी आणलं. तिचा हात नळाकडे गेला.

"आई, नळाखाली नको," ताई मागून म्हणाली. "पाणी सारखं गढूळ होतं म्हणून काल दुकानदाराला विचारलं मी. नळाच्या पाण्याने स्पंजातले चांगले जंतू मरतात म्हणे. टाकीचंच पाणी घ्यायचं."

"त्याच घाणीत बुडवायचं? मग धुवायचं तरी कशाला?" असं पुटपुटत का होईना, आईने टाकीतलं पाणी टोपात घेतलं आणि मला त्यात उपडं केलं.

"शी, अळी पडली बघ याच्यात." तिने टोप मोरीकडे कलता केला.

माझा जीव टोपाच्या काठाशी आला होता.

ताई वाकली. "थांब गं. अळीला एवढे डोळे असतात का?"

आईने टोप खाली ठेवला. ती त्या इवल्याशा जिवाकडे निरखून बघू लागली. मग तिची नजर मोरीच्या जाळीवर गेली.

"मग मागच्या वेळची पिल्लं?" तिने हळूच विचारलं.

ताईने पिल्लू ओंजळीत उचलून टाकीत सोडलं.

त्याच दिवशी माझ्या नळीच्या तोंडावर जाड स्पंज चढवला गेला. आता पिल्लं त्याला टेकून विसावतात. मित्रांनो, फिल्टर आणाल तेव्हा आधी टाकी बघा, तिच्यात कोण राहतं ते बघा आणि मगच माझ्यासारख्याला घरी न्या. जोर कमी असला तरी चालेल. आणि आम्हाला धुण्याआधी एकदा आत डोकावा.

आई आता डोकावते. मला खिडकीच्या उजेडात धरते, बोट फिरवून कोपरा न् कोपरा तपासते. आत कोणी नाही असं दिसलं की तिला हायसं वाटतं. मला मात्र दर वेळी ते रविवार आठवतात, जेव्हा कोणी बघितलंच नव्हतं.