पायाळू बाईची पाठ

मी पायाळू. जन्माला येताना डोकं मागे ठेवलं आणि पाय पुढे काढले. माझी आई, म्हणजे बा, सांगायची, सुईणीने माझे दोन तळवे बाहेर आलेले पाहिले आणि म्हणाली, "घ्या, गल्लीतल्या कंबरांची सोय झाली." बा तिकडे मरणाच्या दारात होती, तरी तिला हसू आलं म्हणे.

आमचं गाव मिरचीच्या यार्डाला चिकटून आहे. अर्धा गाव हमाल आणि उरलेला अर्धा त्यांच्या पाठी शेकणारा. त्यामुळे माझ्या पायाला बालपणापासून काम. मी चार वर्षांची असताना बा मला काखेत धरून उचलायची आणि चांगल्या थोराड बाप्यांच्या कंबरेला माझा अंगठा टेकवायची. पुढे मीच उभी राहून टेकवू लागले. रविवारी सकाळी, रोग्याने अनशापोटी यायचं. उंबरा ओलांडला की एक अक्षर बोलायचं नाही. मी उजव्या पायाचा अंगठा तीनदा लावणार, एकदा कंबरेच्या उजवीकडे, एकदा डावीकडे आणि तिसऱ्यांदा माकडहाडावर. मग मागे न बघता निघून जायचं. असे तीन रविवार यायचं आणि मधे गोळी नाही, मलम नाही, डॉक्टरचा हात नाही. मी कुणाकडून काही घेत नाही, सुपारीसुद्धा नाही. लोक माझ्या दारातून निघतात ते उपाशीपोटी सरळ गांठिया-फरसाणाच्या दुकानात जातात.

मला मात्र लहानपणापासून एक खाज होती. माझ्या पायातून जातं तरी काय? मला तर अंगठ्याला समोरच्याचा घामट सदरा लागायचा, बाकी काही नाही. एकदा बाला विचारलं, तर म्हणाली, "तुला कशाला पंचाईत? गुण येतोय ना?" गुण यायचा हे खरं. ज्याची नुसती कंबर धरलेली असायची तो आठवड्यात सरळ व्हायचा. ज्याची कळ पायात उतरलेली असायची तो मात्र महिनोन्महिने यायचा. हे मी मनात टिपून ठेवलं होतं, पण विचारायचं कुणाला? रोग्यांना तर मीच गप्प बसवलेलं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्यावरच पाळी आली. मी यार्डात फाटकी पोती शिवते, दाभण आणि सुतळी घेऊन जमिनीवर मांडी घालून. त्या दिवशी मिरचीच्या धुळीने शिंक आली आणि मी वाकले ती वाकलेलीच राहिले. उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत अशी कळ गेली की मला वाटलं, दाभणावरच बसले. शेजारच्या बाया आधी हसल्या. पायाळू बाईला उसण भरली, ही काय कमी मजेची गोष्ट आहे?

मग प्रश्न पडला की मला लाथ कोण मारणार. शेजारच्या गावात देवायतआता म्हणून (आमच्याकडे आजोबांना आता म्हणतात) ऐंशीच्या घरातले एक पायाळू होते. मी गेले तर म्हणाले, "तू पायाळू असून माझ्याकडे? मी तर तुझ्याकडे येणारच होतो." त्यांचीही कंबर दोन वर्षांपासून धरलेली. शेवटी आधी त्यांनी मला अंगठा लावला, मग मी त्यांना. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की अंगठा लावून घेणाऱ्याला काय वाटतं. सगळं घर गप्प असतं आणि एक माणूस फक्त तुझ्या पाठीचा विचार करत असतो. मला दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी कळ परत हजर. देवायतआतांचंही तेच, त्यांनी निरोप धाडून कळवलं. म्हटलं, ही भानगड समजून घ्यायलाच हवी.

सून हेतल मला राजकोटला घेऊन गेली. तिथे मला एका बोगद्यात घालून पाठीचा फोटो काढला. हाडांचे डॉक्टर कणसागरा साहेब तो उजेडावर धरून दाखवू लागले. माझंच आतलं अंग, आणि मी ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मणक्यांमध्ये गाद्या असतात. माझ्या खालच्या दोन गाद्या वाळून काळ्या पडलेल्या आणि मागच्या बाजूला फुगून बाहेर आलेल्या. त्यातली एक पायाकडे जाणाऱ्या नसेवर टेकलेली.

"साहेब, ही परत आत जाते का?" मी विचारलं.

"आत जात नाही. पण बाहेर आलेला भाग हळूहळू सुकतो. बऱ्याच जणांचं दुखणं काही महिन्यांत आपोआप कमी होतं, बेन. काहींचं राहतं."

"आपोआप?"

"आपोआप."

तो शब्द मी घरी येईपर्यंत चघळत होते. निघताना साहेबांनी बोट दाखवून बजावलं, "एक लक्षात ठेवा. बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली, दोन्ही पाय ढिले पडले, तर वार बघू नका. त्याच दिवशी यायचं. एक दिवस उशीर झाला तर माणूस कायमचा अधू होतो."

माझं दुखणं राहणाऱ्यांतलं निघालं. आता तीन वर्षं झाली होती आणि मी त्याच्या सगळ्या खोडी ओळखून होते. सकाळी कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठायचं. शिंक यायच्या आधी भिंत धरायची. बसून वीस मिनिटं चालतं, एकविसाव्या मिनिटाला पोटरीत मुंग्या सुटतात. पोती मी खिळ्याला टांगून उभ्याने शिवते. कधी कळ अख्खा आठवडा गप्प असते आणि मग वाटीभर डाळ उचलताना धरते. का, ते अजून कळलेलं नाही. वैतागाने रडलेही आहे, खोटं कशाला बोलू. पण रडून झालं की परत कुतूहल जागं होतं.

अडचण रविवारची होती. उजवा पाय वीतभर उचलला तरी डोळ्यापुढे काजवे. मग मी नवा नियम काढला की रोग्याने पालथं झोपायचं. कुणी विचारलं नाही का. उलट बोभाटा झाला की ऊजमबेन आता झोपवून गुण देते, जास्त लागू पडतो. कंबरेचा पट्टा मी परकराच्या आत बांधायचे. तो फक्त हेतलला माहीत होता. ती म्हणायची, "बा, सांगून टाका ना एकदा." मी म्हणायचे, "आणि मग लोकांनी जायचं कुठे?" खरं कारण वेगळं होतं. ऊजमचा पाय नसला तर ऊजम कोण? फाटकी पोती शिवणारी एक बाई.

चैत्रातल्या एका रविवारी खीमजीभाई आले. दोन घरं सोडून राहतात, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, मला धाकट्या बहिणीसारखं वागवणारे. यार्डातले सगळ्यात तगडे हमाल. त्यांना त्यांची बायको लाभूभाभी आणि एक भाचा दोन्हीकडून धरून आणत होते. दोन्ही पाय असे टाकत होते, जसे दुसऱ्याचे असावेत. ओसरीवर सात-आठ माणसं बसली होती, त्यांनी जागा करून दिली. उंबरा ओलांडला आणि खीमजीभाई नियमाप्रमाणे गप्प झाले.

ते पालथे झोपले. मी भिंत धरून पाय पुढे केला. उजवीकडे अंगठा टेकवला, त्यांनी हुं केलं. डावीकडे टेकवला, पुन्हा हुं. मग माकडहाडावर टेकवला आणि नेहमीप्रमाणे मनात पाच मोजू लागले.

"तिसरा ठेव की," खीमजीभाई म्हणाले.

ओसरीवरचे सगळे चपापले. माझ्या दारात आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं.

"ठेवलाय," मी म्हणाले.

"चेष्टा करू नको. ठेव."

मी अंगठ्यावर जोर दिला. माझीच कळ टाचेपर्यंत गेली. "आता?"

"कुठे आहे?"

मी पाय काढला. साहेबांचं ते बोट डोळ्यासमोर आलं. लाभूभाभीला बाजूला घेऊन विचारलं, "यांना लघवी कधी झाली होती?"

"काल दुपारनंतर नाही. पोट फुगलंय बघ. हे म्हणाले, आधी ऊजमकडे जाऊ."

"भाभी, आत्ताच्या आत्ता राजकोट गाठायला हवं."

खीमजीभाई कोपरावर उठले. चेहरा ओशाळलेला. "माझीच चूक झाली. मी बोललो म्हणून तिसरा लागला नाही. जाऊ दे, पुढच्या रविवारी परत येतो. एक आठवडा गोळी खात नाही, औषधाला शिवत नाही."

"पुढच्या रविवारी उशीर होईल."

"तुझ्याकडे तीन रविवार लागतात, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. आज मोडला, पुढचा धरू."

"खीमजीभाई, बोलण्याने काही मोडत नाही. तुमची नस दबली आहे. माझ्या पायाने हे होणार नाही."

"सगळ्यांचं होतं आणि माझंच होणार नाही?" ते चिडले. "तीस वर्षं मी तुझ्या अडीनडीला धावलो, पाण्याची टाकीसुद्धा खांद्यावरून चढवून दिली. माझ्या वेळेलाच तुझा पाय आटला?"

ओसरीवर कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा म्हणाला, नियम मोडला की पायाळूला राग येतो. लाभूभाभी माझ्याकडे बघत होती, मग नवऱ्याकडे, मग परत माझ्याकडे. नवरा घरी नेऊन आठवडाभर झोपवायचा की नाही, हे ती माझ्या तोंडावरून ठरवणार होती.

मी पदर बाजूला केला आणि परकराची नाडी सैल करून पट्टा ओढून बाहेर काढला. सात-आठ परक्या माणसांसमोर. चार बोटं रुंद काळा पट्टा, घामाने कडा पांढऱ्या पडलेला.

"हा तीन वर्षं बांधते," मी म्हणाले. "माझ्या दोन गाद्या सरकल्यात. देवायतआतांनी अंगठा लावला, गुण आला नाही. मी डॉक्टरकडे गेले, तुमच्यापासून लपवलं. तुम्हाला पालथं झोपवते ते काही विद्या म्हणून नाही. माझा पाय वर होत नाही म्हणून. त्या डॉक्टरनेच मला सांगितलं, बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी या. आता मला काय शिव्या द्यायच्या त्या रिक्षात द्या."

खीमजीभाई पट्ट्याकडे बघत राहिले. लाभूभाभीने भाच्याला सांगितलं, "छकडो आण."

छकडो म्हणजे आमच्याकडची मोटरसायकलचं तोंड लावलेली तीनचाकी गाडी. तिच्यात बसून धडधाकट माणसाचीही हाडं मोजून होतात. मी माझी शिवलेली रिकामी पोती खाली अंथरली, खीमजीभाईंना वर झोपवलं आणि शेजारी मीही आडवी झाले, कारण बसून दीड तास मला जमलाच नसता. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडत होते. ते ओरडत नव्हते आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "ऊजम, तुला एवढं दुखतं?"

"हो."

"आणि तरी दर रविवारी पाय लावायचीस?"

"हो."

"वेडी आहेस," ते म्हणाले आणि बराच वेळ माझं मनगट धरून राहिले.

दवाखान्यात कणसागरा साहेबांनी टाचणीने टोचून पाहिलं आणि दुसरा प्रश्न न विचारता शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितली. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत, उद्याचं मी सांगू शकलो नसतो. लाभूभाभी भिंतीला टेकून खालीच बसली. मला बसता येत नव्हतं, म्हणून मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले.

नवव्या दिवशी खीमजीभाईंना लघवीची जाणीव आली. त्याचा निरोप गावभर पेढ्यांसारखा वाटला गेला. डावा पाय अजून ओढतात, पोतं पुन्हा उचलणार नाहीत, पण चालतात. मी राजकोटला दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा उशीला टेकून चहा पीत होते.

"एक सांगू, ऊजम?" ते हसत म्हणाले. "तिसरा अंगठा मला थोडासा जरी कळला असता ना, तर मी गुपचूप घरी गेलो असतो."

लाभूभाभी हसली. मला हसता आलं नाही. परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच नाव होतं. जेराम. अकरा वर्षांपूर्वी ते ओळीने तीन रविवार माझ्याकडे आले होते, आणि नंतर त्यांचे दोन्ही पाय कायमचे गेले. गाव म्हणालं, चोरून गोळ्या खाल्ल्या असतील. मीही तेच म्हणाले होते.

गावात उतरून मी घरी गेले नाही. जेरामभाई लेकीच्या घरी ओट्यावर खाटेवर पडलेले असतात. मला बघून आनंदले, लेकीला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी हातात तसंच धरून उभी राहिले आणि विचारलं, "जेरामभाई, तेव्हा माकडहाडावर लावलेला माझा अंगठा तुम्हाला कळला होता का?"

त्यांनी थोडा विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "पण बोलायचं नाही, असं तूच सांगितलं होतंस ना."