भाऊ घरीच असतात

"भाऊ, दार उघडा हो! घरीच आहात ना?"

बेल वाजवायची आणि वर हाकही मारायची, ही तिसऱ्या मजल्यावरच्या फोटोग्राफरची सवय. भाऊंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर धरलेली पट्टी हलू न देता ओळ संपवायचा प्रयत्न केला. पण हाक पुन्हा आली. ते उठले.

दारात फोटोग्राफर उभा होता. खांद्यावर बॅग, हातात घराची किल्ली.

"गिझर दुरुस्त करायला माणूस येणार आहे. तेवढी किल्ली द्या त्याला. म्हणजे... तुम्ही वर थांबलात त्याच्यासोबत तर बरं. माणूस नवा आहे. आणि एक पार्सल येईल."

"अहो, पण माझं काम..."

"करा की! दहा मिनिटांचा तर प्रश्न. तुम्ही काय, घरीच असता."

भाऊंनी पुढचं वाक्य जुळवेपर्यंत तो अर्धा जिना उतरलाही होता.

बावीस वर्षं भाऊ मुद्रितशोधनाचं काम करत होते. औषधाच्या डब्यात घडी घालून ठेवलेली चिठ्ठी असते ना, ती छापायला जाण्याआधी मूळ प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडून बघायची, हे त्यांचं काम. मुंगीएवढ्या अक्षरातली ती चिठ्ठी बहुतेक लोक डबा उघडल्याबरोबर फेकून देतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण न फेकणारा एखादा असतोच, आणि भाऊ त्या एखाद्यासाठी वाचत. कचेरीत प्रती तपासणाऱ्या वाचकांना काचेची वेगळी खोली होती. तिच्यासमोरून साहेबसुद्धा आवाज न करता जात. मग कंपनीने तो मजलाच सोडला आणि सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. भाऊंना आनंद झाला. जाण्यायेण्याचे रोजचे दोन तास वाचणार होते.

ते दोन तास कुठे गेले आणि जाताना आणखी तीन कसे सोबत घेऊन गेले, ते मात्र कळलं नाही. नऊला बसलेले भाऊ रात्री साडेआठला खुर्चीवरून उठत. बायको इस्पितळात नर्स होती. दिवसपाळी करून दमून आलेली ती एकटीच जेवून घेई. इमारतीत दिवसा सापडणारा एकुलता एक धडधाकट माणूस अशी भाऊंची ख्याती झाली होती. त्यात स्वभाव भिडस्त. 'नाही' हा शब्द ओठांपर्यंत यायचा आणि 'बरं' होऊन बाहेर पडायचा.

गिझरवाला त्या दिवशी पाऊण तासाने गेला. भाऊ खाली आले तेव्हा पट्टी टेबलावर पडली होती. कुठल्या ओळीवर होतो आपण? अंदाजाने त्यांनी एक ओळ धरली, पान संपवलं, खाली आपली आद्याक्षरं टाकली आणि पाठवून दिलं.

चार वाजता मोठ्या बाईंचा फोन आला. भाऊंच्या नंतर तेच पान दुसऱ्यांदा वाचणाऱ्या त्या. त्यांचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता.

"भाऊ, लहान मुलांच्या तापाचं औषध तुम्हीच वाचलंत ना?"

"हो."

"वर्षाच्या आतल्या बाळाला किती द्यायचं लिहिलंय, बघा बरं."

भाऊंनी पान उघडलं. "पंचवीस मिलि..."

"मूळ प्रतीत?"

"अडीच."

दोन आणि पाचच्या मधला ठिपका गळला होता.

"माझ्यानंतर वाचणारं कोणी नाही, भाऊ. थेट छपाईच." बाई थोडं थांबल्या. "हे वर कळवणं भाग आहे मला. महिनाभर तुमच्या प्रत्येक पानाचा शेरा जाईल. आणखी एक जरी चूक निघाली तरी वाचकांच्या यादीतून तुमचं नाव काढतील. मला हे बोलायला बरं वाटत नाही."

"तुम्ही बरोबरच करताय, बाई."

बायको साडेसहाला घरी आली तेव्हा भाऊ खुर्चीत तसेच बसून होते.

"अहो, चेहरा असा का? ताप आहे का?"

त्यांनी सगळं सांगितलं. तिने पायातले बूटही न काढता ऐकलं.

"ही माणसं मला जगू देत नाहीत," भाऊ म्हणाले. "कोणाचं पार्सल, कोणाची किल्ली. वरच्या मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत अकराला थेंब घालायचे, ते वेगळंच."

"किती वेळा उठलात आज?"

"मी कुठे उठतो? मला उठवतात!"

"तीन दिवस एक कागद जवळ ठेवा. उठलात की एक रेघ मारायची आणि कशासाठी उठलात ते पुढे लिहायचं. पेशंटची आम्ही अशीच नोंद ठेवतो. नुसत्या अंदाजाने औषध देत नाही."

तिसऱ्या दिवसाच्या कागदावर एक्केचाळीस रेघा होत्या. भाऊंनी त्या दोनदा मोजल्या. शेजाऱ्यांच्या त्यात फक्त नऊ. उरलेल्या बत्तीस खुद्द भाऊंच्या. चहा सहा वेळा. गॅलरीतल्या कुंड्या चार वेळा. सामन्याचा स्कोअर. फोन नुसताच बघितला, अकरा वेळा. दोन रेघांपुढे कारणच नव्हतं, कारण स्वयंपाकघरात जाऊन उभं राहिल्यावर आपण का आलो ते त्यांना आठवलं नव्हतं. कागद फाडून टाकावा असं त्यांना वाटलं. पण मग रेघ न् रेघ खरी लिहिली होती, तिचा मान ठेवला पाहिजे, म्हणून त्यांनी तो बायकोपुढे धरला.

ती वाचता वाचता खो खो हसत सुटली. "नळ बंद आहे का बघायला पाच वेळा? त्या नळाने काय घोडं मारलंय तुमचं?"

भाऊसुद्धा हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

"ऐका," ती डोळे पुसत म्हणाली, "वॉर्डात औषधं वाटताना आम्ही अंगात लाल बंडी घालतो. ती दिसली की डॉक्टरसुद्धा हाक मारत नाहीत. आणि खरं सांगू? ती अंगात असली की माझंही लक्ष इकडेतिकडे जात नाही. वाटतं, आता आपण फक्त हेच करायचंय."

दुसऱ्या दिवशी तिने वॉर्डातून टाकून दिलेली एक जुनी बंडी विचारून आणली. एका खांद्याची शिवण उसवली होती. ती शिवता शिवता बायको म्हणाली, "दार उघडायचं नाही, हे तुम्हाला जन्मात जमायचं नाही. तेव्हा दार उघडा. पण बोलू नका."

दहा ते एक आणि दोन ते पाच अशी वेळ ठरली. फोन चादरींच्या कपाटात गेला. चाळीस मिनिटं बसायचं, मग पाच मिनिटं उठायचं. तेवढ्यात काय नळ बघायचा तो बघून घ्यायचा.

पहिला सापडला फोटोग्राफर. भाऊंनी दार उघडलं आणि छातीकडे बोट दाखवलं. तिथे पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'औषधवाटप चालू आहे. बोलू नये.'

"भाऊ, दवाखाना काढलात की काय?"

भाऊंनी त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली. 'एक वाजता या.'

"कमाल झाली," असं पुटपुटत तो गेला. आठवडाभर जिन्यात भेटला की मान वळवायचा. त्या आठवड्यात भाऊंना जेवण गोड लागलं नाही. पण मग त्याचं पार्सल खालच्या दुकानदाराकडे येऊ लागलं आणि पुढच्या आठवड्यात तो स्वतःहून म्हणाला, "काय भाऊ, आज बंडी नाही?" तेवढ्यावर भाऊंचा जीव भांड्यात पडला.

मास्तरीणबाईंना मात्र चिठ्ठी देववेना. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता आणि आता एकट्याच राहत होत्या. भाऊ पाच वाजता बंडी काढून मुद्दाम वर गेले.

"बाई, अकराला यायला मला जमणार नाही यापुढे."

"मग इतके दिवस कसा येत होतास?"

"काम अर्धवट टाकून."

"अरे, मग बोलायचंस की! मला वाटलं, तू बिचारा दिवसभर घरात एकटा कंटाळत असशील. तेवढाच तुला विरंगुळा, म्हणून मी अकराची वेळ धरली. माझं रेडिओवरचं कादंबरीवाचन रोज अर्धं बुडतं त्यापायी!"

"म्हणजे थेंब अकरालाच घालायला पाहिजेत, असं नाही?"

"डॉक्टर म्हणाले, दुपारी कधीही घाला."

दोघंही एकमेकांवर उपकार करत होते आणि दोघांचंही नुकसान होत होतं. तेव्हापासून भाऊ सव्वाएकला वर जाऊ लागले. बाई त्यांना सकाळी ऐकलेली कादंबरी पुढे कुठवर गेली ते सांगत.

महिना संपला त्या दुपारी सुट्टीच्या वेळेत मोठ्या बाईंचा फोन आला. "एकशे चौदा पानं, भाऊ. एकही चूक नाही. आणि परवा तुम्ही जी दाखवलीत, ती तर मूळ प्रतीतलीच होती. माझ्याही नजरेतून सुटली असती."

"सुटली नसती, बाई."

"सुटली असती," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी उगाच कोणाचं कौतुक करत नाही. शेरा आजच पाठवलाय."

त्या दिवशी शेवटचं पान पावणेपाचला गेलं. भाऊंनी पुन्हा एकदा कामाची यादी बघितली. काही उरलं नव्हतं. ते जरा वेळ हात मांडीवर ठेवून बसले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि या वेळी करायचं काय असतं, ते त्यांना सुचेना. मग त्यांनी धुतलेला सदरा घातला, दाराला कुलूप लावलं आणि ते चालत निघाले.

इस्पितळाच्या फाटकापाशी ते पोचले तेव्हा दिवसपाळी सुटायला वेळ होता. भाऊ भिंतीच्या सावलीत उभे राहिले. सहा वाजून गेल्यावर नर्सेस दोघी-दोघी, चौघी-चौघी बाहेर पडू लागल्या. त्यांत ती होती, मैत्रिणीशी काही बोलत, हातवारे करत. बोलता बोलता तिची नजर भाऊंवर गेली आणि हात हवेतच थांबला. मैत्रिणीला तिथेच सोडून ती जवळजवळ धावतच आली.

"काय झालं? कोणाला काय झालं?"

फाटकाशी वाट बघणारी माणसं बहुधा काय सांगायला आलेली असतात, ते तिने पंचवीस वर्षं बघितलं होतं.

"कोणाला काही नाही," भाऊ घाईघाईने म्हणाले. "काम संपलं."

"म्हणजे? काढून टाकलं?"

"नाही गं. आजचं. आजचं काम संपलं."

तिने घड्याळात बघितलं, मग आकाशाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. मग तिने खांद्यावरची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली.

"तळ्यावरून जाऊ या," ती म्हणाली. "लांब पडेल थोडं."

"पडू दे."

दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून आले होते, म्हणून भाऊ तिच्या चालीने, सावकाश चालत होते. मागून येणारे लोक त्यांना ओलांडून पुढे जात होते. या दोघांना घाई नव्हती.