उलटे अप्पा

निवृत्त भूगोल शिक्षक सोमलिंग बिराजदार यांचा लॅपटॉप बारा वर्षांचा होता. नवीन विंडोज त्यावर चालणार नाही, असं कळल्यावर दुकानदार म्हणाला, "सर, नवाच घ्या." सरांना ते लागलं. पेन ड्राइव्हवर लिनक्स ही जुन्या लॅपटॉपवरही चालणारी फुकट सिस्टीम उतरवून घेऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं.

पहिल्या दिवशी वाय-फाय सापडेना. दुसऱ्या दिवशी आवाज येईना. "तुमच्यापेक्षा त्यो बरा की," काशम्मा भाकरी थापत नवऱ्याला म्हणाल्या, "गप तरी बसतोय."

तिसऱ्या दिवशी दोन्ही सुरू झालं. सरांनी इस्त्रीचा शर्ट घालून हुबळीला लेकीला व्हिडिओ कॉल लावला. सिद्धेश्वरी हसायलाच लागली.

"अप्पा, तुम्ही वटवाघळासारखे लोंबकळताय."

जुना कॅमेरा नव्या सिस्टीममध्ये उलटं चित्र दाखवत होता. सरांनी लॅपटॉपच उलटा धरला, तर पडद्यावर लेक उलटी झाली. काशम्मांनी तो सरळ केला आणि शेजारी येऊन बसल्या. "आमाला तू नीट दिसतीस, बास झालं," त्या म्हणाल्या. मग आई-बाप दोघंही उलटे लटकून अर्धा तास बोलले. बदली होऊन हुबळीला गेल्यापासून लेक इतकी हसली नव्हती.

संध्याकाळी सरांना उपाय सापडला. एका ओळीची कमांड टाइप करायचं काम होतं. त्यांनी ती ओळ नुसती वहीत लिहून ठेवली आणि लॅपटॉप मिटला.

"जमलं न्हाय वाटतं," काशम्मा म्हणाल्या.

"लई अवघड हाय," सर म्हणाले.