अवनीची पिशवी आणि संपलेली मुदत

मी एक जुनी पिशवी आहे, आणि पिशव्यांमध्येही काही फार देखणी नाही. पुण्यात एका शिंप्याने मला रेनकोटच्या निळ्या कापडातून शिवलं. आतून प्लास्टिकचं अस्तर, वर जाडजूड चेन. नीलिमाताईंनी मला खास सांगून शिवून घेतलं, कारण त्यांची सात वर्षांची अवनी नेदरलँड्समध्ये पोहायला शिकणार होती. तिचे बाबा शिरीषराव हूफडॉर्पला नोकरीला, घर झूटरमेरला. मी विमानाने आले, म्हणून सुरुवातीला जरा शिष्टच होते.

मित्रांनो, या देशात जिकडे तिकडे पाणी. म्हणून इथली मुलं लहानपणीच पोहायला शिकतात आणि त्याचा डिप्लोमा मिळवतात. वर्गातल्या सगळ्यांना तो मिळाला होता, अवनीला नाही. हे नीलिमाताईंच्या जिवाला लागलं. "आपलीच मुलगी मागे?" असं म्हणत त्यांनी तिला दर बुधवारी एकटीची शिकवणी लावली. डच मुलं त्या शिक्षकाला नावाने हाक मारत. आमच्या घरात मात्र तो 'सर' होता. दिवाळीचा फराळही त्याला आधी जायचा.

पोहण्याच्या तलावावर आईबाबा काचेपलीकडे कॉफी घेत बसायचे. कपडे बदलायच्या खोल्या तिथून दिसत नाहीत. मी मात्र आत खुंटीवर होते. तुमच्यासमोर मी सगळं सांगणार नाही. एवढंच सांगते, की मोठ्या माणसाने लहान मुलीच्या अंगाला जसा कधीच हात लावू नये, तसा त्याने लावला, आणि "हे आपलं गुपित" असं म्हणाला. एकदा नाही, वर्षभर. मला ओरडता येत नाही. धाडकन खाली पडले असते तर निदान कोणी डोकावलं असतं, पण तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

"आई, आय डोन्ट वॉन्ट टू गो," अवनी म्हणायची.

"थोडेच दिवस राहिलेत, बाळा. पाण्याची भीती गेली पाहिजे ना?"

डिप्लोमा मिळाला त्या दिवशी नीलिमाताईंनी तिला सरांच्या पाया पडायला लावलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, "छान टिकली हो पिशवी!" आणि मग मला खाली सायकलींच्या खोलीत टाकून दिलं. तिथे मी चौदा वर्षं होते. टायरांच्या वासाने माझा जीव नकोसा झाला, पण मला वाटायचं, बरं झालं, आता बुधवार येत नाही.

अवनी बावीस वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी पंप शोधायला खाली आली. तिने मला पाहिलं आणि ती जमिनीवरच बसली. शोधत आलेल्या आईला तिने तिथेच सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. नीलिमाताई रडल्या नाहीत. त्या फक्त "मीच सोडत होते तुला तिथे" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

शिरीषरावांनी मात्र हिशेबी माणसासारखा विचार केला. "आपला नागरिकत्वाचा अर्ज आत गेलाय. आत्ता पोलीस, वकील काही नको. उगाच फाइलवर काहीतरी यायचं. पासपोर्ट हातात येऊ दे, मग मी स्वतः येतो तुझ्याबरोबर."

त्यांची माया खोटी नव्हती. पण तक्रार करणाऱ्याची फाइल खराब होत नाही, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. परक्या देशात जपून राहायची सवय अंगात मुरली होती. पासपोर्ट यायला चौदा महिने लागले. तो आला, शेजाऱ्यांना पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यात कागद भरून तिघं वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाईंनी कागद वाचले आणि तारीख पाहिली. दावा लावायची मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपली होती.

शिरीषराव खुर्चीत इतके लहान दिसले, की मला त्यांच्यावर रागावताही येईना. पोलीस म्हणाले, पुरावा उरलेला नाही. तलावाचे लोक म्हणाले, कोर्टाचा निकाल आणा, मग त्याला काढतो. आणि कोर्टात जायची मुदत तर संपलेली. तो माणूस अजून शिकवतो. लहान मुलांनाच शिकवतो.

एकच आशा होती. अशा दाव्यांची मुदत रद्द करणारा कायदा संसदेच्या सभागृहात आला होता. दारात मशीनमध्ये माझी झडती झाली आणि मी अवनीच्या मांडीवर बसून वर, लोकांसाठीच्या बाकांवर गेले. मित्रांनो, तिथे एकही माणूस कायद्याच्या विरुद्ध बोलला नाही. एका पक्षाचं म्हणणं, क्लब आणि संस्थांनाही जबाबदार धरा. दुसऱ्याचं म्हणणं, छोटे क्लब बुडतील, फक्त गुन्हेगाराला धरा. मग दुसऱ्या पक्षाने जवळजवळ तसाच वेगळा मसुदा आणला. पहिला पक्ष दुसऱ्याच्या मसुद्याला मत देईना, दुसरा पहिल्याच्या. पाच वेळा आम्ही तिथे गेलो. पाचव्या वेळी ठरलं, की दोन्ही मसुदे निवडणुकीनंतर पाहू.

वरच्या बाकांवर बोलायची परवानगी नसते. नीलिमाताई उठून उभ्या राहिल्या. आयुष्यभर चार लोकांत आवाज न चढवलेली ती बाई ओरडली, आणि घाईत मराठीतच ओरडली, "निवडणुकीनंतर? अहो, तो आज शिकवतोय! आज!"

खालच्यांनी मान वर करून पाहिलं. त्यांना एक शब्द कळला नाही. शिपायाने नीलिमाताईंचा कोपर हळूच धरला. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला.

"आई, चल," अवनी म्हणाली. नीलिमाताई हलेनात. बाहेर नेईपर्यंत त्या तेच एक वाक्य म्हणत होत्या, आणि शिरीषराव प्रत्येक दारापाशी लोकांना डचमध्ये सांगत होते, "ती काय म्हणते ते ऐका, मी सांगतो तुम्हाला, प्लीज ऐका." कोणी थांबलं नाही.

मित्रांनो, तुमच्या अंगाला कोणी नको तसा हात लावला तर सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला, तिसऱ्याला सांगा. आणि घरातल्या मोठ्यांनो, तुमच्यापुढे मी पदर पसरते. मूल सांगेल तेव्हा कुठल्या कागदाची, कुठल्या चांगल्या दिवसाची वाट पाहू नका. हातातलं काम टाका, चपला घाला आणि निघा.