संशयाचा रुमाल

“लाल झाला! लाल!” सांवेर रोडवरच्या त्या बंद शेडमध्ये दीड-दोनशे माणसं एकदम ओरडली आणि लगेच पट्टा वाजला.

पट्टा सुनीताच्या पाठीवर वाजला होता. मारणारा तिचा नवरा, दिवाकर. पट्टा कसला, तर गिरणी बंद पडली त्या दिवशी यंत्रावरून कापून आणलेला जाड चामड्याचा तुकडा. उभा जन्म गिरणीत घातला आणि हातात उरलं काय, तर बायकोला मारायला पट्टा!

मी उषा, शाळेत विज्ञान शिकवते. हे दोघं परदेशीपुऱ्यातले माझे शेजारी, मराठी कॅथलिक. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी माणसं. मी देवबिव मानत नाही, पण त्यांचा नाताळचा केक आणि माझी दिवाळीची चकली यांचं कधी भांडण झालं नाही. त्यांच्या मुलीला, वसुधाला, फिट येतात. डॉक्टरांच्या गोळ्यांवर पोर छान शाळेत जात होती. मग गिरणी गेली आणि ब्रदर धनेश आला.

‘ब्रदर’ ही पदवी त्यानं स्वतःच स्वतःला दिलेली. चर्चचा आणि याचा काडीचा संबंध नाही, असं फादरांनी मिस्साच्या वेळी उघड सांगितलं होतं. पण फादर काय सांगणार? प्रार्थना करा, धीर धरा, औषध चुकवू नका. त्यात काय मजा? धनेशकडे रुमाल होता.

“देखो भिया, प्रार्थना तो सगळेच करतात!” तो माइक तोंडात घालून ओरडायचा. “पण मन? मन आतून कसं आहे? तोंडानं प्रभू प्रभू, और अंदर शक! ऐसी प्रार्थना वर जातच नाही, छताला टकराके वापस येते! बोलो हल्लेलुया!”

“हल्लेलुया!”

मग एकेकाच्या डोक्यावर पिवळा रुमाल टाकायचा आणि पहिल्या बाटलीतलं पाणी शिंपडायचं. लाल डाग पडले की मनात संशय आहे. संशय काढायला घरच्याच माणसानं मारायचं. मन साफ झालं की दुसऱ्या बाटलीतलं पाणी, आणि रुमाल पुन्हा पिवळा. त्या दुसऱ्या पाण्याला आंबूस वास यायचा, तर त्याचंही उत्तर तयार. “क्रूसावर प्रभूला प्यायला आंब दिली होती ना? वोही है!” हे ऐकून बायका ढसाढसा रडायच्या. मन कधी साफ झालं, हे अर्थातच धनेश ठरवणार.

वसुधाच्या गोळ्या त्यानंच बंद करवल्या. गोळी म्हणे संशयाची निशाणी. आठ दिवसांत पोर फिट येऊन पेटत्या स्टोव्हवर पडली, हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून सुनीता तिला चोरून गोळी देत होती. दिवाकरला गोळ्या सापडल्या, त्यानं त्या ब्रदरला दाखवल्या, आणि आज रुमालाला बरोब्बर कळलं की संशय सुनीताच्या मनात आहे. केवढा हा साक्षात्कार!

“सांग, गोळी देणार नाही म्हणून!” दिवाकर रडत रडत मारत होता. हो, रडत होता मेला, पण हात थांबत नव्हता.

“देणार!” सुनीता किंचाळली. “मला मारून टाका, पण पोरीची गोळी बंद नाही करणार!”

पट्ट्याच्या टोकाला लोखंडी जोड होता. तो बसला तसा ब्लाउज फाटला आणि रक्त कमरेपर्यंत ओघळलं. रुमालावरच्या लाल डागाला चमत्कार म्हणणाऱ्यांना हे खरं रक्त दिसत नव्हतं. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

सुनीताच्या काळजीनं मी मागोमाग आले होते, दाराशी उभी होते; तशीच गर्दीत घुसले. कुणी केस ओढले, कुणी कानाखाली वाजवली, एका बाईनं दंडाला चावा घेतला. तरी धनेशच्या टेबलापर्यंत पोचले आणि तो लाल डागांचा रुमाल ओढून नाकाला लावला. हळद! अहो, वरण सांडलेल्या साडीला साबण लावला की डाग लाल होतो, हे तिथल्या प्रत्येक बाईनं हजारदा पाहिलेलं. पण घरच्या मोरीत दिसला की तो डाग, आणि इथं दिसला की सैतान!

एकच रुमाल धुऊन पुन्हा वापरायचे कष्टही धनेश घेत नव्हता. पिवळ्या रुमालांचा ढीग शेजारीच होता. मी एक कोरा उचलला, त्याच्या बाजाच्या पेटीवर टाकला आणि पहिली बाटली शिंपडली.

रुमाल लालभडक.

“पेटीच्या मनात संशय आला!” मी ओरडले. मग दुसरी बाटली शिंपडली. रुमाल पिवळा. “घ्या, पेटीची प्रार्थना पोचली! हिला तर कुणी मारलंसुद्धा नाही!”

एक माणूस फिसकन हसला. धनेश सावध झाला. “मॅडमजी नास्तिक आहेत, इनके हाथ से उलटाच होणार! विश्वासवाल्याच्या हातून करा!”

“बरं. दिवाकर, तू कर. तुझा विश्वास आहे ना? याच्या डोक्यावर टाक.”

दिवाकरनं रुमाल घेतला, धनेशच्या डोक्यावर टाकला आणि पाणी शिंपडलं. कपाळावरच लाल डाग उमटला. दिवाकर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पट्टा उचलला.

“तुमचाच नियम आहे, ब्रदर. संशय काढावा लागेल.”

“अरे भिया, रुको!” धनेश टेबलाखाली घुसला. “हल्दी है, हळद! पहिल्या बाटलीत चुन्याची निवळी, दुसरीत सिरका! मारू नको रे!”

पट्टा खाली पडला. पुढचं मला बघवलं नाही. मघाशी सुनीतावर ओरडणारेच आता धनेशला तुडवत होते. त्याचे दात पडले, नाकाचं हाड मोडलं. डोकं त्यांनी तेव्हाही वापरलं नव्हतं आणि आताही वापरलं नाही. कुणाच्या तरी फोनवरून आलेल्या पोलिसांनी त्याला ओढून बाहेर काढलं म्हणून तो जगला.

सुनीताच्या पाठीला टाके पडले. घरी आल्यावर तिनं आधी वसुधाला गोळी दिली आणि मग हातात जपमाळ घेतली. माझं तोंड काही गप्प बसेना. “आता तरी सोड ते.”

“का सोडू?” ती पालथी पडूनच म्हणाली. “मी काय देवाला हुकूम सोडते? मनात असेल ते सांगते. भीती वाटली तर भीती सांगते.”

“आणि संशय आला तर?”

“तोही त्यालाच सांगते. त्याला चालतो, उषाताई. धनेशला चालत नव्हता.”

तेवढ्यात दिवाकर आत आला, येशूच्या तसबिरीसमोर गुडघ्यांवर बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. “प्रभू, मला क्षमा कर! प्रभू, मला क्षमा कर!”

“अहो,” सुनीता म्हणाली, “त्याच्याशी नंतर बोला. पट्टा त्याच्या पाठीवर पडला नव्हता. आधी इकडे वळा.”

दिवाकर वळला. गुडघ्यांवरच तिच्याजवळ सरकला. मग म्हणाला, “चुकलो गं.”

तुम्ही प्रार्थना करा, नका करू, तो तुमचा प्रश्न. पण दुसऱ्याचं मन आतून कसं आहे ते रुमाल टाकून सांगणारा कुणी भेटला, तर हळद तुमच्या डब्यात आहे आणि चुना पानाच्या ठेल्यावर मिळतो. आधी घरी करून बघा. हात उचलायच्या आधी करून बघा. सुनीताच्या पाठीवरचे वळ अजून गेलेले नाहीत.