सरकणारा लाल रंग

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगते. समाधानवर मी तीन महिने चिडत होते, आणि तेही सगळ्यांदेखत.

दोन हजार दहा साल. आम्ही दोघं श्रीधर सरांकडे पीएचडी करत होतो. काचेवर चांदीचा पातळ थर, त्यात केसाहून कितीतरी बारीक चर, आणि चराच्या कडेला एक खाच. प्रकाश त्या चरातून धावतो. ठरावीक एक लाल रंग खाचेमुळे अडतो, बाकीचे पुढे जातात. एवढीच आमची गाळणी. खाच किती खोल हवी ते समाधान कॉम्प्युटरवर काढायचा. काचेचा तुकडा मी सांभाळायची आणि दर सोमवारी मोजायची.

पहिल्या सोमवारी त्याच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं. दुसऱ्या सोमवारी अडणारा रंग जरासा सरकला. तिसऱ्या सोमवारी आणखी. अरे, तुकडा तोच, दिवा तोच, मीही तीच! डोकं चक्रावलं. दिवा बदलला, टेबल हललं का बघितलं, एसी बंद ठेवून घामाघूम होत मोजलं. रंग आपला सरकतोच आहे.

"तुझं गणित चुकलंय," मी म्हटलं.

"पण नीरजाताई, गणित चुकलं असेल तर उत्तर एकदाच चुकेल. दर आठवड्याला नवीन कसं चुकेल?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून मी आवाजच चढवला. "मग पहिल्यांदा जुळलं तो योगायोग समज. माझ्या मोजण्यात चूक नसते."

सरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "कोण बरोबर ते ठरलं, की मलाही कळवा."

समाधाननं सगळं पुन्हा मांडलं. चार वेळा. प्रत्येक वेळी तेच उत्तर. हळूहळू तो स्वतःच्याच कागदांकडे संशयानं बघायला लागला. "मला हे झेपत नाही बहुतेक," एकदा म्हणाला. खराडीतल्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र त्याच्याकडे आलेलं होतंच. सप्टेंबरात त्यानं पीएचडीतून नाव काढून घेतलं आणि तिकडे रुजू झाला. शाळेपासून भिंगं घेऊन हिंडणारा पोरगा! मी "ऑल द बेस्ट" म्हटलं. मनातून हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दिवाळीच्या आधी शैलाआत्या चांदीची भांडी घासायला बसली. कुंकवाचा करंडा काळाठिक्कर.

"कुणी शहाण्यानं याला रबर लावून ठेवलं? रबरानं चांदी काळी पडते, एवढंही कळत नाही?"

ती शहाणी मीच. झाकण निघू नये म्हणून लावलं होतं. आणि लॅबमधल्या तुकड्याला धक्का लागू नये म्हणून त्याच्या डबीला रबराचं अस्तरही मीच बसवलं होतं, हौसेनं, अप्पा बळवंत चौकातून आणून.

म्हणजे त्या तुकड्यावरची चांदीही आठवड्यागणिक काळवंडत होती, आणि तसतसा रंग सरकत होता. सरांकडून नवा तुकडा घेतला, साध्या कागदात गुंडाळून ठेवला. तीन सोमवार मोजला. रंग तसूभर हलला नाही. समाधानच्याच आकड्यावर ठाण मांडून बसला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन केला. रबर, चांदी, सगळं सांगितलं. "माफ कर रे. चूक माझी होती. तुझी कधीच नव्हती."

पलीकडे कॅन्टीनचा गोंगाट होता. "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"अगदी पहिल्यापासून."

खरंच कळत नसल्यासारखं त्यानं विचारलं, "मग ताई, मी इथं काय करतोय?"