बेचाळीस नंबरचा बिघाड

टाउनो हापालाच्या गॅरेजमध्ये, टेबलाच्या खणात, एक पुडी होती. बोटाच्या पेराएवढी, पांढरी, न फोडलेली. आत चिमूटभर पेस्ट. मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्क्रू शोधताना ती त्याच्या हाताला लागली आणि त्याची झोप उडाली.

ऑक्टोबरमध्ये त्यानं आर्वो साल्मेलाच्या सोळा वर्षं जुन्या ट्रकमध्ये इग्निशनचं, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारं, नवं मॉड्यूल बसवलं होतं. खोक्यात मॉड्यूल असतं, दोन स्क्रू असतात आणि ही पुडी असते. आधी पेस्ट लावायची, मग मॉड्यूल बसवायचं, म्हणजे त्याची उष्णता खालच्या धातूत उतरते. पेस्ट नाही लावली तरी गाडी चालू होते. महिनोन्‌महिने चालतेही. मग एखाद्या दिवशी जोराचं काम पडलं की मॉड्यूल तापतं आणि चालतं इंजिन गप्पकन बंद होतं. थोड्या वेळानं थंड झालं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या मेकॅनिकांच्या या चुकीला टाउनो चाळीस वर्षं हसत आला होता.

त्या दिवशी आर्वो शेजारी उभा राहून सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, शेगडीसाठी आणलेल्या नव्या दगडांबद्दल बोलत होता. आर्वो कमी बोलायचा, पण जे बोलायचा ते तीनदा. ‘चांगले दगड आहेत. चांगले आहेत दगड. दगड चांगलेच आहेत.’ टाउनोला ते दगड आठवत होते, निवलेली कॉफी आठवत होती. पेस्ट लावल्याचं काही केल्या आठवत नव्हतं. पुडी दुसऱ्या कुणाच्या खोक्यातली असेल, असं तो स्वतःला बजावायचा. मग उठून खण उघडायचा आणि ती आहे का बघायचा.

फेब्रुवारीत आर्वो गेला. ट्रकला पुढे फाळ लावून, चर्चच्या अंगणातला बर्फ दोन तास ढकलून तो परत निघाला होता. ट्रक खाडीच्या काठच्या रस्त्यावर उभा सापडला. दिवे बंद, किल्ली बंद, टाकी अर्धी भरलेली. आर्वो गोठलेल्या खाडीवर, काठापासून पाऊण मैलावर सापडला. शेरीफच्या माणसानं किल्ली फिरवली तर ट्रक पहिल्या झटक्यात चालू झाला. लाकडाची गिरणी बंद झाल्यापासून आर्वो गप्प असायचाच. गावानं दोन आणि दोन चार केले: जीव द्यायलाच गेला. मोठ्यानं कुणी बोललं नाही, एवढंच.

एप्रिलच्या एका बुधवारी सकाळी आर्वोच्या बायकोचा, हेल्मीचा, फोन आला.

“महिनाभर तोंड लपवून बसलास. माझ्या कॉफीत काही कालवलं होतं का मी?”

“पाठ दुखत होती,” टाउनो म्हणाला.

“तर मग पाठ घेऊन ये. आणि ते दिव्याचे आकडे वाचायचं जे काय असतं ना तुझं, तेही घेऊन ये.”

टाउनोनं खिशात कागदांना लावायची तारेची एक यू-पिन टाकली. दार लावताना परत फिरला आणि खणातली पुडीही टाकली. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

साल्मेलांच्या शेडच्या पागोळ्यांतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. चार थेंब, मग जरा उसंत, मग दोन. टाउनो थांबून ऐकत राहिला. पुन्हा चार. पुन्हा दोन. हे महिनाभर असंच चाललं होतं. घड्याळात चार आणि दोन, शेगडीच्या तडतडण्यात चार आणि दोन. मॉड्यूलनं दगा दिला तर गाडीतला दिवा लुकलुकून कोणता आकडा दाखवेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हेल्मी दारातच उभी होती. अंगात आर्वोचा जाड कोट, बाह्या दुमडलेल्या.

“शनिवारी त्याला पुरायचंय,” ती म्हणाली. “गोठलेली माती आता भुसभुशीत झाली म्हणतात. दोन महिने तिथं कबरस्तानाच्या तळघरात पडलाय माझा माणूस, इतर चौघांबरोबर रांगेत. आणि दुकानात मी शिरले की सगळ्यांना एकदम बटाट्यांचे भाव पाठ करावेसे वाटतात. बहिरी नाहीये मी, टाउनो.”

“लोकांचं काय मनावर घ्यायचं.”

“लोकांचं नाही घेत. माझंच घेतेय. ट्रक बंद पडला की त्यानं बंद केला? एवढंच सांग मला. चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले, तो मला सोडून चालला होता की घरी येत होता, हे कळल्याशिवाय कबरीपाशी उभी कशी राहू?”

“बिघाडाचा नंबर गाडीच्या मेंदूत असतो साठवलेला. पण बॅटरी उतरली की सगळं पुसलं जातं. दोन महिने उभी आहे. उतरली असणार.”

“नाही उतरली. रोज संध्याकाळी चार्जर लावते. तो लावायचा, म्हणून लावते. हात आपोआप जातो.”

ती शेजारच्या सीटवर चढून बसली. टाउनोनं बॉनेट उघडलं. उघडलेल्या बॉनेटमुळे ती त्याला दिसेना आणि तोही तिला दिसत नसणार. पाना त्याच्या हातात होताच. बॅटरीच्या तारेचा बोल्ट, एक फेरा, फार तर दोन. तार क्षणभर उचलायची. मग दिवा काहीच सांगणार नाही, आणि टाउनो खांदे उडवून म्हणेल, गाडीत दोष नव्हता. मग हेल्मी जन्मभर मान खाली घालून दुकानात जाईल.

पाना बोल्टवर बसला.

“टाउनो,” आतून तिचा आवाज आला, “आरसा अजून त्याच्या मापाचा आहे बघ. मला यात नुसतं छप्पर दिसतंय.”

टाउनो तसाच उभा राहिला. मग त्यानं पाना खिशात टाकला.

गाडीत आर्वोचा वास होता. ओली लोकर, तंबाखू, डिंकाळ लाकूड. स्टिअरिंगमागची सीट आर्वोच्या बसण्यानं खोलगट झाली होती. टाउनो तिच्यात बसला तेव्हा आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलो आहोत असं त्याला वाटलं. डॅशबोर्डवर डाव्या हाताचा मोजा होता. उजव्याचा पत्ता नव्हता.

यू-पिन सरळ करून त्यानं डॅशबोर्डखालच्या दोन भोकांत अडकवली आणि किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला, विझला. एकदा लुकलुकला. थांबला. दोनदा लुकलुकला.

“एक, दोन,” हेल्मी पुटपुटली. “बारा. काय बिघडलंय?”

“काही नाही. तो आधी ‘मी जागा आहे’ म्हणतो.”

“पुन्हा तेच.”

“तीनदा सांगतो. प्रत्येक गोष्ट तीनदा.”

हेल्मीनं चमकून त्याच्याकडे पाहिलं.

तिसऱ्या बारानंतर दिवा विझून राहिला. मग दिवा लागला. एक. दोन. तीन. चार. उसंत. एक. दोन.

हेल्मी गुडघ्यावर बोटं मोजत होती. दुसऱ्यांदा तेच आलं. तिसऱ्यांदाही, सावकाश, न चिडता, एखाद्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाला समजावावं तसं.

“बेचाळीस,” ती म्हणाली. “सांग.”

अजूनही खोटं बोलता आलं असतं. आकड्यांचे अर्थ लिहिलेला कागद एकट्या टाउनोकडे होता.

“ठिणगी तुटली,” तो म्हणाला. “चालत्या गाडीत. इंजिन आपोआप बंद पडलं. त्यानं पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं असेल, मग किल्ली बंद करून चालायला लागला असेल. खाडीवरून तुमचं घर दीड मैल. रस्त्यानं सहा.”

“म्हणजे घरी येत होता.”

“हो.”

तिनं तो एकटा मोजा उचलून तोंडावर दाबला. बराच वेळ तिचे खांदे हलत राहिले. टाउनो दिव्याकडे बघत होता. बारा, बारा, बारा. बेचाळीस. तिनं मोजा खाली घेतला तेव्हा त्यानं पुडी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

“हे काय?”

“मॉड्यूलखाली लावायचं असतं. ऑक्टोबरमध्ये. मी लावलं नाही, हेल्मी. म्हणून ते तापलं.”

हेल्मीनं पुडी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर इवलंसं चित्रही छापलेलं होतं. एक बोट, आणि बोटावर पेस्ट.

“खाली उतर,” ती म्हणाली.

टाउनो उतरला. कुंपणाकडे चालू लागला.

“कुठं निघालास? शनिवारी त्याला याच ट्रकमधून न्यायचंय. लाव ते आता.”

त्यानं झाकण काढलं, दोन स्क्रू काढले, मॉड्यूल उचललं. खालचा धातू कोरडा, चकचकीत, एका कोपऱ्यात करपलेला. त्यानं पुडी फोडली. बोट आपलं काम जाणत होतं. पेस्ट पसरली, मॉड्यूल बसवलं, स्क्रू आवळले, झाकण लावलं. हेल्मी कोटाची बाही मागे सारून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत शेजारी उभी होती.

“नऊ मिनिटांचं काम,” ती म्हणाली.

टाउनोनं बोटं पँटला पुसली. मग म्हणाला, “शनिवारी पेटीला खांदा द्यायला माझ्या जागी दुसरा कुणीतरी बघ.”

“सहा जण लागतात. तू पुढे, डाव्या बाजूला.”

“हेल्मी...”

“माफ केलं असं म्हटलेलं नाही मी. पेटी उचल म्हटलंय.”

काम संपलं की बॅटरीची तार काढून आकडे पुसायचे, ही चाळीस वर्षांची सवय. त्याचा हात तारेकडे गेला.

“हात लावू नकोस,” ती म्हणाली. “ती पिनही तशीच राहू दे. उद्या चर्चचा पाळक यायचाय, त्याला दाखवायचंय. आणि मग दुकानातल्या त्या बायका. एकेकीला इथं बसवून मोजायला लावणार आहे.”

“आणि विचारलं त्यांनी, कशानं झालं म्हणून?”

“तेव्हा तू असशील इथंच. तू सांग.”

टाउनोनं मान डोलावली. हेल्मीनं चार्जर लावला आणि ती पुन्हा गाडीत चढली, या वेळी आर्वोच्या जागेवर.

वळणापर्यंत गेल्यावर टाउनोनं मागे पाहिलं. शेडच्या सावलीत, दिव्याच्या उजेडानं तिचा चेहरा पिवळा व्हायचा आणि काळवंडायचा. चार वेळा. मग दोन वेळा. तिचे ओठ हलत होते, मोजत होते की बोलत होते ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.